काळी चार आणि लॉर्डसाहेबांचे रडगाणे

आजच्या विषयात ‘इंग्रजी विनोदी ऑपेरातील टेनरची आरिया’ असे भारदस्त शब्द आहेत. दडपून जाऊ नका. आरिया म्हणजे आपले पद. टेनर म्हणजे उंच पट्टीचा पुरुषी आवाज, आणि तो बहुधा नायकाला मिळतो.

उंच म्हणजे किती, ते पेटीवरच पाहू. काळी एकमध्ये गाणारा गवई तार गंधार-मध्यमाला लागला की आपण माना डोलावतो. टेनरला त्याच पट्टीतल्या तार धैवताच्या आसपास भरल्या आवाजात जावे लागते. आता काळी चारला षड्ज धरा. त्या पट्टीतला तार रिषभ नेमका तोच सूर! ध्वनिक्षेपक नसताना आपले नाटकवाले काळी चार-पाच का धरत, याचे उत्तर इथे आहे. शेवटच्या रांगेत बसलेल्यानेही तिकिटाचे पैसे मोजलेले असतात. लंडन काय नि पुणे काय, हिशेब एकच.

सालही एकच आहे, हे मला फार गमतीचे वाटते. नोव्हेंबर १८८२ मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ रंगभूमीवर आले. त्याच महिन्याच्या २५ तारखेला लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीचा ‘आयोलँथे’ सुरू झाला. त्या नाट्यगृहात आदल्याच वर्षी विजेचे दिवे आले होते. एकाला दुसऱ्याची खबर असल्याची शक्यता शून्य. पण पदांच्या मध्ये गद्य संवाद, लग्नाचा गुंता आणि शेवट गोड, ही बांधणी दोन्हीकडे सारखीच. याच जोडीच्या १८८५ च्या ‘मिकाडो’त राजपुत्र भटक्या गवयाचे सोंग घेऊन प्रेयसी शोधत येतो. आपला अर्जुन यतिवेष घेतो. बलरामदादा त्यालाच घरी ठेवून घेतात. पुढचे तुम्हाला पाठ आहे.

पण मला ‘आयोलँथे’तल्या एकाच पदाविषयी बोलायचे आहे. फिलिस या मुलीवर उमरावांचे अख्खे सभागृह भाळले आहे आणि तिचे मन मात्र एका मेंढपाळावर आहे. तेव्हा लॉर्ड टॉलॉलर हा टेनर पुढे येऊन विनवणी करतो. मुद्दा असा, की थोर कुळात जन्मलो यात आमचा काय दोष? तेवढ्यासाठी आम्हाला दूर लोटू नये! गरिबाने श्रीमंताकडे करावी ती याचना इथे उलटी फिरली आहे. ज्यांची थट्टा होती, तसले लोक समोर प्रेक्षागृहात बसत.

आणि खरी करामत चालीत आहे. सलिव्हनने इथे वात्रट चाल दिलेली नाही. ती गंभीर आहे, सुंदर आहे, डोळे पाणावतील अशी आहे. झपाट्याने शब्द फेकून हशा वसूल करायचे काम जॉर्ज ग्रॉसस्मिथकडे होते. तो लॉर्ड चॅन्सेलर झाला होता. टॉलॉलर झालेल्या डरवर्ड लीलीने मात्र हसायचे नव्हते, डोळा मारायचा नव्हता. टेनर स्वतः हसला की पद मेले. सौभद्रातही वक्रतुंड हशा घेतो. मोरोबा वाघोलीकरांच्या अर्जुनाला विरह खराच वाटावा लागे. समोर भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा असताना ते फारसे अवघड नसावे म्हणा.

गंभीर चेहऱ्याने वेडेपणा करणे आपल्या या नगर शहराला परके नाही. बीबीसीवरच्या ‘गून शो’चा स्पाइक मिलिगन १६ एप्रिल १९१८ रोजी इथेच, फौजी बापाच्या घरी जन्मला. नऊ दिवसांनी याच गावात, मराठी ख्रिस्ती कुटुंबात शाहू मोडक जन्मले. पुढे पडद्यावर गाणारा कृष्ण झाले. दोघांना एका नाटकात घेतले असते तर? असो.

एक गोष्ट राहिली. पद रंगले की इंग्रज प्रेक्षक ‘आँकोर’ असा फ्रेंच शब्द ओरडतो. आपण ‘वन्स मोअर’ हे इंग्रजी ओरडतो. स्वतःच्या भाषेत मागणी करायची लाज दोघांनाही! आता आमचे तरुण गायक टॉलॉलरचे पद म्हणतील. पेटीवाले, सूर द्या. आणि गाणाऱ्याने कृपा करून हसू नये. ते काम समोरच्यांचे आहे.