आलिशान गाडीतला कामगार कोणाचा?

(मराठी भाषिक रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव फळ्यावर लिहिले तेव्हा मागच्या रांगेत थोडा हशा पिकला. पेन्शन नाही, रिक्त जागा नाहीत, आणि सेक्रेटरीसाहेब आलिशान पर्यटन गाड्यांवर बोलणार! पण साथींनो, या गाड्या हवेतून जात नाहीत. आपल्याच रुळांवरून, आपल्याच सिग्नलवर, आपल्याच इंजिनाच्या मागे जातात. तेव्हा अर्धा तास ऐकून घ्या.

या गाड्यांची सुरुवात राजस्थानात झाली. २६ जानेवारी १९८२ रोजी 'पॅलेस ऑन व्हील्स' निघाली, ती जुन्या संस्थानिकांचे सलून डबे जोडून मीटरगेजवर. २००४ साली महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ आणि रेल्वे यांनी मिळून 'डेक्कन ओडिसी' काढली. तिचे २१ डबे चेन्नईच्या कोच फॅक्टरीत आपल्याच कामगारांनी बांधले. २००८ मध्ये कर्नाटकची 'गोल्डन चॅरियट' आली, २०१० मध्ये 'महाराजाज एक्स्प्रेस'. करोनाच्या काळात थांबलेली डेक्कन ओडिसी सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. आत झोपायला पलंग, प्रत्येक खोलीला न्हाणीघर, भोजनाचे वेगळे डबे, बार, मालिशचीही सोय. सात रात्रींच्या फेरीला माणशी काही लाख रुपये पडतात.

या गाड्या बंद करा असे मी म्हणणार नाही. कोणी पैसे मोजून आपला देश खिडकीतून पाहत असेल तर त्याने खुशाल पाहावा. गणपतीला गावी जाणारा चाकरमानी वेटिंग लिस्टवर लटकतो, त्याला जागा मिळालीच पाहिजे, ती लढाई वेगळी आणि ती आपण लढतोच. मला आज बोलायचे आहे ते पाहुण्याला ही झोप कोण देतो यावर.

स्लीपर म्हटले की पब्लिकला झोपायचा डबा आठवतो. आपल्याला रुळाखालचा स्लीपर आठवतो. वरच्या स्लीपरमधली झोप खालच्या स्लीपरवर अवलंबून असते, एवढे तर गँगमध्ये महिनाभर काढलेला पोरही सांगेल.

कोकणाचा रस्ता घ्या. रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, लहानमोठे धरून सुमारे दोन हजार पूल. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल ६४ मीटर उंच, करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब. १९९० मध्ये काम सुरू झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. हा मार्ग बांधताना ७४ जणांचा जीव गेला. त्यांचे स्मारक रत्नागिरीला आहे. त्या बाजूने जाल तेव्हा दोन मिनिटे थांबा.

पाहुण्याला काचेतून भाताची खाचरे दिसतात, खाड्या, नारळी-पोफळी, लाल कौले. डोंगर कापून काढलेली वाट आली की तो कॅमेरा उचलतो. त्याच डोंगराकडे आपला पेट्रोलमन हातबत्ती घेऊन रात्री दोन वाजता बघतो तेव्हा त्याला वेगळेच दिसते. पाणी नव्या जागेतून झिरपू लागले आहे का? कालचा धोंडा आज जागेवर आहे का? माती गटारात उतरली आहे का? २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीची विशेष गाडी दरडीच्या दगडांवर आदळली आणि पन्नासहून अधिक प्रवासी गेले. सुट्टीहून परत निघालेली माणसे होती ती. पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा घसरली. त्यानंतर डोंगरांचे उतार कापले गेले, जाळ्या बसल्या, पावसाळ्यात वेग कमी आणि गस्त जास्त असा शिरस्ता पक्का झाला. आलिशान गाडी पावसाळ्यात विश्रांती घेते, तिचा मोसम साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत. पेट्रोलमनचा मोसम नेमका जूनमध्ये सुरू होतो. पुढे हिवाळ्यात पाहुणा ज्या मार्गावर गाढ झोपतो, तो मार्ग पावसाळाभर याने जागून राखलेला असतो.

तरी हा पेट्रोलमन एका बाबतीत नशीबवान आहे. त्याचे नाव मस्टरवर आहे, त्याची युनियन आहे, काही झाले तर बायकापोरांना विचारणारे कोणी आहे. आता गाडीच्या आत चला.

अशाच एका गाडीवरचा एक पोरगा मला प्लॅटफॉर्मवर भेटला. अंगावर झकास पोशाख, डोक्याला फेटा. मी विचारले, बाळा, झोपतोस कधी? म्हणाला, काका, पाहुणे झोपले की भांडीकुंडी आवरून, आणि ते उठायच्या आधी चहा तयार पाहिजे. हिशेब केला तर चार तासही धड निघेनात. मोसम संपला की घरी, पुढच्या मोसमाला बोलावतील याची खात्री नाही. पगाराचे विचारले तर म्हणाला, बक्षिसीवर भागते. मालक कोण विचारले तर ठेकेदाराचे नावही त्याला नीट सांगता येईना. आपल्या नेहमीच्या वातानुकूलित डब्यात चादरी-उशा देणारा पोरगाही बहुतेक ठिकाणी असाच ठेक्याचा असतो, हे आपण रोज पाहतो.

हा धंदा असाच सुरू झाला, हे तुम्हाला ठाऊक असावे म्हणून थोडा इतिहास सांगतो. अमेरिकेत जॉर्ज पुलमन नावाच्या कारखानदाराने १८६७ साली झोपण्याच्या आलिशान डब्यांची कंपनी काढली. नुकतीच गुलामगिरी संपली होती. डब्यातल्या चाकरीसाठी त्याने मुद्दाम काळ्या लोकांना घेतले, कारण ते कमी पगारात राबतील असा हिशेब. बिछाना घालायचा, बूट पुसायचे, रात्री घंटी वाजली की उठायचे. महिना ४०० तासांचा किंवा ११,००० मैलांचा. गाडी सुटण्याआधीच्या तयारीचा वेळ हिशेबात नाही. बुटाचे पॉलिश पदरचे, जेवणही पदरचे. आणि प्रवासी त्या सगळ्यांना एकाच नावाने हाक मारत, 'जॉर्ज', म्हणजे मालकाच्या नावाने, जसे पूर्वी गुलामाला धन्याचे नाव लावत. माणसाचे स्वतःचे नावच राहिले नाही.

२५ ऑगस्ट १९२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी युनियन काढली. पुढारी केले ए. फिलिप रँडॉल्फ यांना. ते स्वतः डब्यातले कामगार नव्हते, आणि म्हणूनच कंपनी त्यांना कामावरून काढू शकत नव्हती. केवढी शहाणी निवड! कंपनीने खबरे पेरले, सभासदांना घरी बसवले. मंदीच्या काळात सभासद गळून काही शेच उरले. तरी टिकले. बरोबर बारा वर्षांनी, २५ ऑगस्ट १९३७ रोजी, कंपनीने करारावर सही केली. महिना ४०० तासांवरून २४० तासांवर आला, पगार वाढला. याच युनियनचा ई. डी. निक्सन हा पुढे १९५५ च्या माँटगोमेरीच्या बस बहिष्काराच्या पुढाऱ्यांपैकी एक होता. आणि टपालवाल्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे हेच पोर्टर शिकागोची काळ्या लोकांची वर्तमानपत्रे लपवूनछपवून दक्षिणेच्या गावागावांत पोचवत.

आमचे आरएमएसचे ज्येष्ठ बंधू इथे बसले आहेत. धावत्या डब्यात रात्रभर उभ्याने टपाल लावायचे म्हणजे काय, हे त्यांना सांगायला नको. फरक इतकाच की त्यांच्या रात्रीचा हिशेब सरकारी कागदावर लागत होता, या पोरांचा लागत नाही.

आता कामाचे बोलतो. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा आपण वर्षानुवर्षे वापरला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या संहितेने घेतली. ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने द्यायचा, ही तरतूद तिच्यातही आहे. पण पूर्वी २० कंत्राटी कामगारांपासून कायदा लागू होई, आता ५० लागतात. इथेच गोम आहे. नुसती गाडीवरची पोरे मोजली तर ठेकेदार सहज म्हणेल की आम्ही पन्नासच्या आत आहोत. यार्डात डबे धुणारे, कपडे धुणारे, माल चढवणारे एकाच आस्थापनेत धरायचे की नाही, हा वाद होणार, आणि वाद घालायचा तर आपल्याकडे नावे पाहिजेत. पर्यटन महामंडळ, रेल्वे, गाडी चालवायला घेणारी कंपनी, यांतला मूळ मालक कोण, हा प्रश्न लेखी विचारायचा आहे.

म्हणून ज्या स्टेशनांवर या गाड्या थांबतात तिथल्या शाखांना माझी विनंती आहे. पाहुणे किल्ला बघायला गेले की गाडी तीन-चार तास उभी असते. तेवढ्या वेळात त्या पोरांशी बोला. आधी नाव विचारा. मग ठेकेदार कोण, हजेरी कोण घेतो, पगाराची पावती मिळते का, भविष्यनिर्वाह निधी कापतात का, आजारी पडला तर कुठे उतरवतात. सभासदत्वाची पावती पहिल्या दिवशी पुढे करू नका, बिचारे घाबरतील. ठेकेदाराच्या माणसासमोर तर बोलूच नका.

माहिती भरायचे छापील कागद चहाच्या टेबलाजवळ ठेवले आहेत. कोकण आणि गोव्याकडच्या साथींनी जास्त घ्यावेत. भरलेले कागद मोसम संपायच्या आत, एप्रिलपर्यंत, माझ्याकडे पोचवावेत, कारण त्यानंतर ही पोरे कुठे असतील ते कोणालाच सांगता येणार नाही.