लबकला भेटलेला वर्गमित्र



अमेरिकेत टेक्सासमधल्या लबकला गेलो होतो. शाळेत माझ्या शेजारी बसणारा मित्र तीस वर्षांनी तिथं भेटला. चहा बाजूला राहिला, आधी त्यानं कोरडवाहू पऱ्हाटी दाखवायला नेलं. पाऊस वर्षाला १८-१९ इंच, आपल्या यवतमाळपेक्षा कितीतरी कमी. पुढं ज्वारी, तीही बहुतेक जनावरांच्या खाद्यासाठी.

पीक बुडालं तर? म्हणाला, "विमा असतो. हप्त्याचा निम्म्याहून जास्त भाग सरकार भरतं." तिथल्या कापसाच्या अनुदानांविरुद्ध ब्राझील २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि जिंकला. आपलं सरकार त्या खटल्यात त्रयस्थ म्हणून बसलं!

निघताना त्यानं हळूच विचारलं, "आमचं वावर आता कोण वाहते?" कर्जापायी त्याच्या बापानं ते विकलं होतं. घेणारा शहरात राहतो, वावर मक्त्यानं दिलेलं. तेवढंच सांगितलं.