पाहुणे पायी फिरायचं म्हणतात तेव्हा

शाळांना सुट्या लागल्या की आपल्या मोहर्लीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. नागपूरहून, पुण्याहून लोक लेकरंबाळं घेऊन येतात. पारा 45 च्या वर गेला तरी येतात, कारण उन्हाळ्यात रान विरळ होतं, पाणवठे मोजकेच उरतात आणि वाघ पाण्यावर दिसतो. आपल्यातली कुणी होमस्टे चालवते, कुणी डबे देते. या दिवसांवर आपलं घरही चालतं.

अशात जेवता जेवता एखादी पाहुणी म्हणते, "ताई, सफारी झाली. आता मुलांना जरा जंगलात पायी फिरवून आणा ना. तुम्ही तर रोजच जाता." वरून पैसेही देऊ करते. तिला काय सांगायचं?

ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, आणि 1995 साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प. कोअरमध्ये पर्यटकाला जिप्सीतून खाली उतरता येत नाही. वाघाला गाडीची सवय झालेली असते. पण खाली वाकलेला माणूस किंवा लहान मूल त्याला सावज वाटू शकतं.

गावामागचं रान बफरमध्ये आहे, म्हणून ते सुरक्षित नाही. वाघाला आपली हद्द कळत नाही, अस्वलालाही नाही. 10 मे 2025 ला सिंदेवाही तालुक्यात मेंढा-मालच्या तीन बाया तेंदूपत्ता तोडायला गेल्या आणि वाघाच्या हल्ल्यात दगावल्या. पाहुणीला स्पष्ट सांगा, "बाई, आम्ही हौसेनं जात नाही, पोटासाठी जातो. तुमच्या लेकरांना नेणार नाही."

नाही म्हटलं म्हणून पाहुणा रिकाम्या हाती जात नाही. आगरझरीचं फुलपाखरू उद्यान दाखवा. अंगणात वाळवलेली मोहफुलं दाखवा, तेंदूच्या पानांचं पुडकं कसं बांधतात ते मुलांना शिकवा. पायी फिरायचंच असेल तर कुठे परवानगी आहे ते वनविभागाच्या गेटवर विचारायला सांगा आणि गाईडशिवाय जाऊ देऊ नका. मंगळवारी कोअरची सफारी बंद असते, हे ते यायच्या आधीच फोनवर सांगा.

आता आपलं. जो धोका पाहुण्यांच्या लेकरांना, तोच आपल्याला. पत्ता तोडायला एकटीनं जाऊ नका. उजाडल्याशिवाय निघू नका. नाल्याची गार झुडपं टाळा, दुपारी वाघ तिथेच पडून असतो. चौघी वाकल्या असतील तर एकीनं उभं राहून चहूकडे नजर ठेवावी आणि मोठ्यानं बोलत राहावं. वाघ दिसला तर पळू नका. त्याच्याकडे तोंड ठेवून, एकमेकींना धरून हळूहळू मागे सरका. निघताना किती जणी होतो आणि परतताना किती, हे रोज मोजा.

दोन पुडकी कमी भरली तरी चालतील. सगळ्या जणी घरी आल्या पाहिजेत.