न पेटलेले तारे
(वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



तारा म्हटला की तो लखलखणारच, असे आपण धरून चालतो. आज मी बोलणार आहे ते अशा गोळ्यांविषयी, की जे नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत.

ताऱ्याच्या पोटातली हायड्रोजनची भट्टी कायम पेटती राहायला गुरूच्या सुमारे ७५ पट वस्तुमान लागते. तेवढे नसले तर गोळा जन्मतः लाभलेली ऊब देत देत निवत जातो. असे गोळे असणार, हे गणित शिव कुमार या भारतीय शास्त्रज्ञांनी १९६३ साली मांडले. १९७५ साली जिल टार्टर या विदुषीने त्यांना नाव दिले, ‘तपकिरी बटू’.

नाव ठेवले, पण बाळाचे दर्शन नाही! चुलीवरून उतरवलेला तवा लाल दिसत नाही, पण हात जवळ नेला की धग लागते. या बटूंची धग अवरक्त किरणांतून येते, आणि ती टिपणारी उपकरणे हवीत. अखेर १९९५ साली ग्लीझ २२९ या ताऱ्याशेजारी असा एक बटू सापडल्याचे जाहीर झाले. शोधणाऱ्यांत आपल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. खूण कोणती? त्याच्या वर्णपटात मिथेन होता, गोबरगॅसमध्ये जळतो तोच. खऱ्या ताऱ्याच्या उष्णतेत मिथेन टिकत नाही. पुढे २०२४ साली कळले की तो एकटा नाही. दोघे १२ दिवसांत एकमेकांभोवती फेरी घालतात.

आता यांना बसवायचे कोणत्या पंगतीत? ताऱ्यांची ओ, बी, ए, एफ, जी, के, एम अशी उष्णाकडून थंडाकडे जाणारी पंगत १९०१ साली हार्वर्ड वेधशाळेतल्या ॲनी कॅननबाईंनी लावली. बाईंना ऐकू फार कमी येई. सुपातले तांदूळ निवडावेत तसे त्यांनी सुमारे साडेतीन लाख तारे वर्णपट पाहून निवडले. विद्यापीठाने त्यांना रीतसर पद दिले ते १९३८ साली, कामाला ४२ वर्षे झाल्यावर!

त्यांच्याच पंगतीला पुढे पाने वाढली. १९९९ साली ‘एल’ आणि मिथेनवाला ‘टी’. २०११ साली ‘वाईज’ उपग्रहाच्या वेधांतून सर्वांत थंड असा ‘वाय’. २०१४ साली अवघ्या ७ प्रकाशवर्षांवर एक सापडला. त्याचे तापमान १२ अंशांच्या आसपास भरते, म्हणजे महाबळेश्वरची हिवाळ्यातली पहाट!

पुष्कळजण यांना ‘अपयशी तारे’ म्हणतात. मला ते मान्य नाही. जेवढी शिदोरी मिळाली तेवढ्यावर ते अब्जावधी वर्षे ऊब देत असतात. पाहणाऱ्याला ती जाणवली नाही, हा त्यांचा दोष कसा? कॅननबाईंचे कामही आधी झाले आणि मान मागाहून मिळाला. म्हणून भगिनींनो, रात्री गच्चीवर गेलात तर दोन ताऱ्यांमधल्या काळोखाला रिकामा म्हणू नका. तिथेही कुणीतरी असेल.