मुक्या जनावरांचे छळवादी व त्यांची जाहीर यादी
(संघाच्या वार्षिक अधिवेशनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस बोलावयास उभे केले आहे ते एका ठरावाच्या निमित्ताने. गेल्या पावसाळ्यात आपल्यापैकीच एका घरातील तरुणाने रस्त्यावरील कुत्रीस काठीने बडविले आणि कोणी त्या प्रकाराचे मोबाइलवर चित्रण करून ते गावभर फिरविले, हे आपणांस ठाऊकच आहे. मुलगा कोणाचा हेही येथील बहुतेकांस माहीत आहे. आम्ही नाव घेणार नाही. त्यावर तरुण मंडळाने असे सुचविले आहे की, जनावरांच्या छळाबद्दल दोषी ठरणाऱ्या ज्ञातिबांधवांची नावे छायाचित्रासह दरवर्षी आपल्या स्मरणिकेत छापावीत. ठरावाच्या पुष्ट्यर्थ अमेरिकेचा दाखला दिला आहे. आम्ही जुन्या अकरावीपर्यंत शिकलेले प्राथमिक शाळेतील मास्तर. अमेरिका आम्ही पाहिलेली नाही. परंतु कोणी दाखला दिला की तो पडताळून पाहावा, ही शाळेतली सवय अद्याप सुटलेली नाही. म्हणून दोन महिने जे वाचता आले ते वाचले.

न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंड नावाचे बेट आहे. त्याच्या पूर्वेकडील सफोक परगण्याने २०१० साली अशी नोंदवही ठेवण्याचा कायदा केला; त्या देशातील तो पहिलाच. जनावराच्या क्रूर छळाबद्दल न्यायालयाने दोषी ठरविलेल्या इसमाने आपले नाव, पत्ता व छायाचित्र नोंदवावयाचे, ते सर्वांस पाहता यावयाचे, आणि वर दरवर्षी ५० डॉलर शुल्कही त्यानेच भरावयाचे! आपली बदनामी आपल्याच खर्चाने, अशी ही योजना. पुढे टेनेसी राज्याने संपूर्ण राज्यासाठी नोंदवही काढली. ती १ जानेवारी २०१६ पासून सुरू झाली. तेथील नियम आम्हांस अधिक विचाराचा वाटला. पहिल्या अपराधाबद्दल नाव दोन वर्षे राहते, पुन्हा अपराध घडल्यास पाच वर्षे, आणि मुदत संपली की काढले जाते. २०२५ साली फ्लॉरिडा राज्यानेही असा कायदा केला. त्यास डेक्स्टर या कुत्र्याचे नाव देण्यात आले. तो प्राणी सरकारी आसऱ्यातून एका माणसाने पाळावयास म्हणून नेला आणि थोड्याच दिवसांत तो मारून टाकलेला सापडला.

या शेवटच्या गोष्टीत यादीचा मूळ हेतू दिसतो. लोकांनी बोट दाखवावे हा तो हेतू नव्हे. ज्याच्या हाती आपण जीव सोपवीत आहोत तो कसा आहे, हे सोपविणाऱ्यास आधी कळावे, इतकेच. न्यूयॉर्क शहराने हे नेमके ओळखले. त्या शहराने २०१४ साली नोंदवही केली, पण ती जनतेस खुली ठेवली नाही. पोलीस, प्राण्यांचे आसरे आणि प्राणी विकणारे दुकानदार यांनीच ती पाहावयाची. आमच्या तरुण मित्रांनी सफोकचा दाखला दिला, न्यूयॉर्क शहराचा दिला नाही. वाचनात आला नसावा.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. कॅलिफोर्नियात २०१० साली असेच विधेयक आले होते. खर्चासाठी पाळीव प्राण्यांच्या खाद्यावर कर बसविण्याचे घाटत होते. ते बारगळले. आणि आश्चर्याची गोष्ट अशी की, १८६६ साली हेन्री बर्ग यांनी न्यूयॉर्कमध्ये स्थापिलेली प्राणिरक्षणाची संस्था, जी त्या देशातील अशा संस्थांत सर्वांत जुनी, तीच या याद्यांबद्दल फारशी उत्साही नाही. मुळात शिक्षा होतेच थोड्यांना, त्यामुळे यादीत नावे थोडी आणि विश्वास मात्र मोठा. त्यापेक्षा न्यायालयाने अपराध्यास जनावर बाळगण्याचीच मनाई करावी, असा तिचा कल.

ही मनाई आपल्याकडे आहे काय? आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या विधेयकातून जी चळवळ उभी राहिली, तिचे फळ म्हणजे १९६० चा प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा. त्याचे कलम २९ न्यायालयास असा अधिकार देते की, दोषी माणसाच्या हातून जनावर काढून घ्यावे आणि काही काळ किंवा कायमची त्यास जनावर बाळगण्याची बंदी करावी. आमच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत सहा गावे झाली. एकाही गावी या कलमाचे नाव आम्ही ऐकले नाही. ऐकला तो फक्त दंड. पहिल्या अपराधास दहा ते पन्नास रुपये! जुन्या दंडसंहितेत तर जनावराची किंमत दहा रुपये की पन्नास, हे पाहून कलम ठरत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम ३२५ ने ही किमतीची अट काढून टाकली आणि जनावर मारणाऱ्यास वा पंगू करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली, हे चांगले झाले.

कायद्यापूर्वीही खेड्यात नोंदवही होती, मात्र ती तोंडी. आमच्या एका गावी एक शेतकरी होता. पराणीने बैलाचे पुठ्ठे सोलून काढी. त्याच्या दावणीचा बैल तीन वर्षे टिकत नसे. पंचक्रोशीत त्यास कोणी गोऱ्हा विकेना. म्हातारी माणसे बाजारात कासरा हातात देण्यापूर्वी विचारीत, "जनावर कोणाच्या दावणीला जाणार?" उत्तर पटले नाही तर दहावीस रुपयांवर पाणी सोडून जनावर घरी परत नेत. तो शेतकरी मग तीस कोसांवरील बाजारी जाऊ लागला. तेथे हेडी त्यास ओळखीत नव्हता. सफोकची नोंदवही परगण्यापुरती का अपुरी पडते, हे आम्हांस समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

येथवर आम्ही यादीच्या बाजूचे. आता आमच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. ती सांगावयाची की नाही याचा विचार काल रात्रीपर्यंत चालू होता.

सन १९८९, दिवाळीनंतरची शाळा. सहावीतील एका मुलाने कुत्र्याच्या पिलाच्या शेपटीस फटाक्यांची माळ बांधली. पिलू भाजून दोन दिवसांनी मेले. आम्हांस अतिशय संताप आला. छडी मारली असती तर बरे झाले असते, असे आज वाटते. आम्ही त्याचे संपूर्ण नाव दर्शनी फळ्यावर लिहिले, खाली लिहिले "मुक्या प्राण्याचा छळ करणारा", आणि हे वार्षिक परीक्षेपर्यंत पुसावयाचे नाही असे बजावले. अक्षर आमचे वळणदार. येणारा-जाणारा थांबून वाची. आठवडाभरात मुलांनी त्यास "कुत्रेमाऱ्या" नाव पाडले. मग ते नाव विहिरीवर गेले, गिरणीत गेले. त्याच्या आईस बाया विचारू लागल्या. त्या घरी बाप दारू पिऊन मुलास वाहाणेने मारीत असे, हे आम्हांस ठाऊक होते. परंतु त्या वेळी त्याचा आणि पिलाचा काही संबंध असेल असे आमच्या मनात आले नाही. संक्रांतीनंतर मुलगा शाळेत आला नाही. आम्ही दोनदा निरोप धाडला, घरी मात्र गेलो नाही. मे महिन्यात आमची बदली झाली.

निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी एस्. टी. स्थानकावर एका दूधवाल्या गृहस्थाने वाकून नमस्कार केला. त्याच्या चार म्हशी आहेत, मुलगी बारावीला आहे, असे त्याने सांगितले. आम्ही ओळखले नाही म्हणून त्याने नाव सांगितले. चहा झाला. उठताना तो हसतच म्हणाला, "गुरुजी, तो फळा पुसला का हो शेवटी?" आम्हांस उत्तर देता आले नाही, कारण खरोखर ठाऊक नव्हते. बदलीच्या गडबडीत आम्ही पाहिलेच नव्हते.

अमेरिकेच्या केंद्रीय तपास खात्याने २०१६ पासून जनावरांच्या छळाच्या गुन्ह्यांची स्वतंत्र नोंद सुरू केली. आज जनावरावर उठलेला हात उद्या बायकामुलांवर उठतो, हा त्यामागील अनुभव. तो खोटा नाही. पण आमच्या अनुभवाने तो उलटाही वाचावा लागतो. ज्या मुलावर घरी हात उठतो, तो आपल्याहून दुबळे काय सापडते ते शोधतो.

आणि बंधूंनो, यादी म्हणजे काय हे या महाराष्ट्रास शिकवावे लागत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसांची नावे वहीत गेली. सोलापुरास तारेच्या कुंपणात त्यांस कोंडले, रोज हजेरी लावली. १९५२ साली तो कायदा गेला. संशय अद्याप गेलेला नाही. दोषी ठरलेल्याची नोंद आणि जन्मावरून केलेली नोंद एक नव्हे, हे आम्हीही मानतो. तथापि वहीत नाव घालणे सोपे आणि काढणे कठीण, एवढे साम्य उरतेच. ज्ञातिपंचायतींनी कोणास वाळीत टाकू नये म्हणून या राज्यास २०१६ साली कायदा करावा लागला, तो काय उगीच? आपण बहिष्कार घालीत नाही, केवळ नाव छापतो, असे तरुण मंडळ म्हणेल. पण हीच स्मरणिका वधूवरांच्या स्थळांसाठी घरोघर चाळली जाते. सतराव्या पानावर भावाचे छायाचित्र आणि एकोणचाळिसाव्या पानावर बहिणीचे, असे झाल्यास त्या मुलीच्या बापास कोणते पत्र येईल? शिक्षा न्यायालयाने मुलास दिली, आणि भरली कोणी?

त्या कुत्रीचा मागचा पाय कायमचा गेला. ती बाजारपेठेत लंगडत हिंडते. तिच्याविषयी आम्ही काहीच बोललो नाही असे कोणी म्हणू नये. म्हणून मूळ ठरावाऐवजी आमचा मसुदा असा आहे. न्यायालयात दोष सिद्ध झालेल्यास संघाच्या गोशाळेतून व गोऱ्हे-वाटप योजनेतून पाच वर्षे जनावर देऊ नये. ही नोंद फक्त चिटणीस व गोशाळा-प्रमुख यांच्यापाशी असावी आणि मुदत संपताच दोघांच्या सह्यांनी रद्द व्हावी. पोलिसांत तक्रार देणाऱ्यास, तक्रार ज्ञातिबांधवाविरुद्ध असली तरी, संघाने वकील द्यावा. कलम २९ खाली बंदीचा हुकूम मागण्यास त्या वकिलास सांगावे. स्मरणिकेत कोणाचेही नाव छापू नये.

कुत्रीच्या औषधपाण्याचा खर्च तूर्त आम्ही करीत आहो. पट्टी बदलावयास तो मुलगा गेल्या महिन्यापासून आमच्याबरोबर येतो. पहिले दोन दिवस ती त्यास पाहून गाडीखाली शिरली. आता दूर उभी राहते. अजून त्याच्या हातून भाकरी घेत नाही.

मसुद्याच्या प्रती दाराशी ठेवल्या आहेत. मतदान भोजनानंतर आहे.