जुगारातील दलाल कोणता?

(बीड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणावरून)



जुगाराची चर्चा बहुधा व्यसनापाशीच थांबते. वस्तुतः या व्यवहारात कोण कोणते काम करतो आणि कायदा त्याला कोणत्या वर्गात घालतो, हे आधी पाहिले पाहिजे.

आपला जिल्हा कापसाचा. मटक्याचे मूळही कापसातच आहे. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडत्या आणि मिटत्या भावांवर मुंबईत पैजा लागत. पुढे भाव गेले, ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तेवढे उरले.

1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा अड्ड्याचा मालक, चालक, तेथे खेळण्यास पैसा पुरवणारा आणि खेळणारा अशा सर्वांना गुन्हेगार ठरवतो. मात्र परवाना असलेल्या रेसकोर्सवरील पैज त्याच कायद्याने वगळली आहे. म्हणजे महालक्ष्मीला पैज घेणारा परवानाधारक, आणि आमच्या टपरीवर आकडा लिहून घेणारा आरोपी! काम मात्र दोघांचे एकच.

न्यायालयांनी ‘कौशल्या’ची फूटपट्टी लावली. सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली रमी आणि 1996 साली घोड्यांची शर्यत कौशल्यात धरली. त्याच आधारावर मोबाइलवरील रमीचा धंदा फोफावला. 2023 साली केंद्राच्या नियमांनी या कंपन्यांना ‘ऑनलाइन गेमिंग मध्यस्थ’ असे सभ्य नाव दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून लावलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी बसला. शासनच वाटेकरी झाले.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने ही फूटपट्टी बाजूस सारली. कौशल्य असो वा दैव, पैसे लावून खेळवला जाणारा ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरला. खेळवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. जाहिरात करणारा आणि पैशाची देवघेव करून देणारी बँकही दोषी ठरते. खेळणारा मात्र नाही. हे वर्गीकरण न्याय्य आहे, कारण ते नफ्याच्या मार्गाने वर चढते.

उचल मुकादमाच्या हातून आली म्हणून ऊसतोड कामगाराविषयीचे कारखान्याचे दायित्व संपत नाही, असे आपण सांगत आलो. तोच न्याय येथे लावावा. 1887 चा कायदा अजूनही खेळणाऱ्या मजुराला आरोपी करतो. तो बदलण्याची मागणी आपण केली पाहिजे. आणि तालुक्यात धाड पडली, तर चिठ्ठी लिहिणाऱ्यापाशी न थांबता, पैसा शेवटी कोणाकडे जातो आणि त्याचे नाव फिर्यादीत आहे काय, हे कार्यकर्त्यांनी विचारलेच पाहिजे.