रंगाखालचा इतिहास
(कोल्हापूर येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



खंडेनवमीचे शस्त्रपूजन करवीरनगरीला नवे नाही. घरातील तलवार, ढाल, शिरस्त्राण स्वच्छ करून पाटावर मांडले जाते. याच स्वच्छतेच्या भरात एखाद्या शिरस्त्राणावर चंदेरी वा काळा ऑइलपेंट चढतो. हेतू श्रद्धेचा असतो, परिणाम मात्र इतिहास झाकण्याचा होतो. हा थर उतरवता येतो. पण उतरवणारा हात उतावळा असेल, तर रंगाने जे केवळ झाकले होते ते कायमचे पुसले जाते.

मध्ययुगीन पोलादी शिरस्त्राणाची रचना पाहा. नाकाच्या रक्षणासाठी सरकती पट्टी, तुरा खोचण्याच्या नळ्या, मानेवर रुळणारी कड्यांची जाळी. काहींवर कोफ्तगरी असते : पोलादावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढून त्यांत सोन्या-चांदीची तार ठोकून बसवलेली. हे सोने अत्यंत पातळ असते. सँडपेपरचे चार हात फिरले, की रंगाबरोबर तेही जाते.

दुसरा प्रकार महायुद्धांतील पोलादी टोपांचा. ब्रिटिश सैन्यात हा टोप १९१५ मध्ये आला. तो उन्हात चमकू नये म्हणून पुढे रंगात वाळू वा लाकडाचा भुसा मिसळू लागले. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी १९४१ मध्ये इरिट्रियातील केरेन येथे आणि त्यानंतर इटलीत लढल्या. रणभूमी बदलली, की टोपाचा रंगही बदलत असे : वाळवंटात वाळूचा, युरोपात हिरवा. म्हणजेच घरी दिलेल्या रंगाखाली सैनिकाने स्वतः दिलेले एक-दोन थर असू शकतात, त्यांखाली पलटणीची खूणही असू शकते. वरचा प्रत्येक थर मळ नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे.

मग नंतरचा रंग ओळखावा कसा? तो चामड्याच्या पट्ट्यावर वा रिबिटांवर ओघळलेला दिसतो, ब्रशचे फराटे उमटलेले असतात. जिथे टवका उडाला आहे, तिथे भिंगातून पाहिले तर थरांचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. नंतर आतल्या काठाजवळ नखाएवढ्या जागेवर चाचणी करावी. सुरुवात सौम्य द्रावणाने : शुद्ध पाण्यात साबणाचे एक-दोन थेंब, मग व्हाइट स्पिरिट, मग अल्कोहोल आणि अगदी शेवटी ॲसिटोन. कापसाचा बोळा घासायचा नाही, हलकेच फिरवायचा. बोळ्यावर केवळ वरचाच रंग येत असेल तर पुढे जावे. खालच्या रंगाची छटा दिसली, की त्या क्षणी थांबावे. फुगलेला थर बांबूच्या चोईने अलगद उचलावा. चामड्याच्या अस्तराला द्रावण लागू देऊ नये, कड्यांच्या जाळीत पाणी साचू देऊ नये.

तारेचा ब्रश, कॉस्टिक सोडा, चिंच-लिंबू आणि आच हे चारही वर्ज्य. जुन्या रंगांत आणि शेंदरातही शिसे असू शकते. म्हणून कोरडे घासू नये, हातमोजे घालावेत, काम मोकळ्या हवेत, विस्तवापासून व मुलांपासून दूर करावे. उघड्या पडलेल्या पोलादावर पुन्हा रंग न देता सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात द्यावा. कोल्हापूरच्या पावसाळी हवेत तेवढे कवच पुरेसे ठरते; मात्र दरवर्षी पाहणी हवी.

कोफ्तगरीचा मागमूस दिसला, तर घरगुती प्रयोग तिथेच थांबवून संग्रहालयातील जाणकारांकडे जावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन विभाग आहे, लखनौ येथे १९७६ पासून राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे. रंग आणखी दहा वर्षे राहिला तरी बिघडत नाही. गेलेले सोने आणि पुसलेली खूण मात्र परत येत नाही.

पूर्वजांचे शिरस्त्राण झळाळले पाहिजे, असा आग्रह नको. त्यावरचा ओरखडा, खोच आणि विटलेला रंग हीच त्या मस्तकाची साक्ष आहे. येत्या खंडेनवमीला त्या साक्षीवर हळद-कुंकवाऐवजी एखादे फूल वाहावे. रंगाचा डबा मात्र बाजूलाच ठेवावा.